मधला ठिपका

१२ जून

प्रिय वहिनी,

दादाला सोडलंस ते तुमच्या दोघांचं, त्यात मी पडत नाही. पण मला का सोडलंस, हे विचारायला लिहितेय.

फोन नंबर बदललास. घर बदललंस. शेवटी तुझ्या धाकट्या बहिणीच्या दुकानात जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "ताईनं सांगून ठेवलंय, सासरच्या कुणालाही पत्ता द्यायचा नाही." मी म्हटलं, "मी सासरची नाही, मी भिंगरी आहे." तिनं एका बिलाच्या मागे पत्ता लिहून दिला. तिला रागावू नकोस. तिच्याकडून मी न लागणारे दोन टॉवेलही घेतले.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी आठवीत होते. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी हे नाव तूच पाडलंस, आणि ते असं चिकटलं की आई खरं नाव घेते ते फक्त रागावल्यावर. मला गाडी चालवायला तू शिकवलंस. शेजारच्यांचं फाटक मी मोडलं, तेव्हा "मीच चालवत होते" म्हणून तू सगळ्यांसमोर सांगितलंस आणि आईची बोलणी खाल्लीस. अशी माणसं कागदावर सही केली की नाहीशी होतात, हे मला पटत नाही.

बातमी अशी, की मला उपग्रहावरच्या दुर्बिणीचा वेळ मिळाला. संध्याकाळी मी घरी आले की तू विचारायचीस, "आज काय फुटलं?" त्याचं हे उत्तर. माझा तारा फुटून हजारो वर्षं झाली. उरलाय तो तापलेल्या वायूचा मोठा फुगा, इतका गरम की तो क्ष-किरणांतच नीट दिसतो. ते किरण हवेतून खाली पोचत नाहीत (हे बरंच आहे, नाहीतर आपण कुणीच उरलो नसतो), म्हणून दुर्बीण वर, उपग्रहावर. मी खाली टेबलापाशी. आई अजून शेजारणींना सांगते, तिला रात्रपाळी असते. मी नऊ ते सहा बसते आणि भाजी घेऊन घरी येते.

त्या फुग्याच्या मध्यापासून जरा हटून एक ठिपका आहे. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या चित्रात तो मला सापडला. तारा फुटतो तेव्हा कधीकधी त्याचा गाभा आतल्या आत दाबला जाऊन मागे उरतो. आकारानं एखाद्या शहराएवढा, वजनानं सूर्यापेक्षा जास्त. स्फोटाच्या हिसक्यानं तो एका बाजूला भिरकावलाही जातो. माझा ठिपका तोच असेल, तर एवढ्या वर्षांत तो केसभर तरी सरकला असणार. ते बघायला मी वेळ मागत होते. दरवर्षी नकार यायचा. यंदा होकार आला.

कळल्याबरोबर तुला फोन लावला. कुणीतरी पुरुष म्हणाला, "राँग नंबर." मला राहवेना, मी त्यालाच सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन." बरा वाटला माणूस.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

तुझी,
भिंगरी


३ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं कार्ड आलं. चार ओळी, त्यातली एक माझ्या क्लचबद्दल. हो, अजून अर्धवटच दाबते. गिअर बदलताना आवाज झाला की अजूनही डावीकडे बघते, तू डोळे मिटलेयस का ते.

दोन गाड्या झाल्या हे वाचून इतका आनंद झाला की इथल्या सगळ्यांना सांगितलं. आमच्या बाई, म्हणजे गटप्रमुख, त्यांना आख्खी संस्था बाईच म्हणते. त्यांनी विचारलं, "कुणाच्या गाड्या?" मी म्हटलं, "माझ्या वहिनीच्या. ड्रायव्हिंग स्कूल आहे तिचं." बाई म्हणाल्या, "मला शिकवेल का? तीन मास्तर पळून गेलेत." सावध राहा.

आता कार्डातली तिसरी ओळ. "मला वहिनी लिहू नकोस, कागद झालेत."

वहिनी, मी खरंच प्रयत्न केला. ताई लिहून बघितलं. ताई मी बँकेतल्या बाईला म्हणते, बसमध्ये सरकून जागा देणारीला म्हणते. नावानं लिहून बघितलं, तर आई मागे उभी आहे असं वाटून पाठ ताठ झाली. मॅडम म्हटलं तर तूच थोबाडीत देशील. वहिनी हा शब्द दादाकडून आला असेल, पण वीस वर्षं वापरलाय मी. दादाला परत हवा असेल तर त्यानं माझ्याशी बोलावं.

मागच्या रविवारी घरी जाऊन आले, आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्याहून जास्त. तुझा विषय निघाला की उठून खिडक्या पुसायला लागते. आमच्या घराच्या खिडक्या सध्या फार स्वच्छ आहेत.

माझं निरीक्षण ऑगस्टमध्ये आहे. तोवर जुन्या चित्राशी नवं चित्र कसं जुळवायचं, त्याची तयारी चालू आहे. उपग्रह दरवेळी अगदी त्याच जागी रोखलेला नसतो, किंचित फरक पडतो. म्हणून आजूबाजूचे, फार लांबचे म्हणून न हलणारे ठिपके धरून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायची. ते चुकलं तर जे हललं नाही ते हललंय असं वाटतं. तू शिकवायचीस ना, शेजारची गाडी पुढे गेली की आपली मागे चाललीय असं वाटून ब्रेक मारायचा नाही, तसंच.

तुझी,
भिंगरी


२१ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

निरीक्षण निम्म्यात तुटलं.

सूर्यावर वादळ झालं. कणांचा असा मारा आला की डिटेक्टर खराब होऊ नये म्हणून तो बंद करून आडोशाला सरकवून ठेवावा लागला. मला सकाळी चहा घेताना मेल आला, दोन ओळींचा. मी बाईंच्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. त्या म्हणाल्या, "सूर्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर अर्ज माझ्यामार्फत दे." मग खुर्ची पुढे केली आणि पाणी दिलं. उरलेला वेळ पुढच्या महिन्यात भरून देतील. पहिल्या निम्म्या भागात ठिपका आहे, जागेवर दिसतोय, पण इतक्या थोड्या किरणांवर तो सरकला की नाही हे सांगता येत नाही. कॅमेऱ्यात किरण एकेक करून येतात ग, मोजून. रांगेत उभं राहिल्यासारखे.

दादा येऊन गेला. दोन दिवस होता. तब्येत चांगली आहे. औषधांचं दुकान बरं चाललंय. केस बारीक कापलेत. निळा शर्ट होता अंगात, नवा. इकडे त्याचं थोडं काम होतं. काय ते मी काही फारसं विचारलं नाही.

तुझं कार्ड मी फ्रिजवर लावलंय. ते काढून ठेवायचं माझ्या लक्षातच आलं नाही. तो पाणी घ्यायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी आत गेले तर फ्रिजचं दार उघडं टाकून हा त्याच्या बाहेरच्या बाजूला लावलेलं कार्ड वाचतोय.

"अक्षर तिचं आहे," म्हणाला.

"हो."

"गाड्या दोन झाल्या."

"हो."

"चांगलं झालं." मग फ्रिज बंद केला आणि म्हणाला, "तिच्या खांद्याचं कसंय? पावसाळ्यात दुखायचा."

मी म्हटलं, विचारून सांगते. तर सांग, खांदा कसा आहे.

बाकी काही विशेष नाही.

भिंगरी


१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तू मला मूर्ख म्हटलंस ते बरोबर आहे.

तीन आठवडे मी पत्र लिहायचं आणि फाडायचं असं करत होते. तुला कसं सांगू, कोणत्या शब्दांत सांगू. सांगू की नको. आणि तू कार्डावर लिहितेस, "खांदा बरा. तुझ्या दादाचं लग्न ठरलंय ते मला त्यानंच जुलैत फोन करून सांगितलं. बाई चांगली वाटते. निळा शर्ट तिनंच घेतला असणार, त्याला स्वतःला रंग कळत नाहीत." म्हणजे तुझा नवा नंबर त्याच्याकडे होता, आणि मी टॉवेल विकत घेत फिरत होते.

मी त्याला फोन करून भांडले. तो म्हणाला, "तिनं मला सांगितलं होतं, भिंगरीला देऊ नकोस, ती रडेल आणि मग मी परत येईन." हे खरं आहे का? खरं असेल तर मी तुझ्यावर रागावू की नको, हे अजून ठरलेलं नाही.

दादाची होणारी बायको डोळे तपासते, चष्म्याचे नंबर काढते. नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली. दादा तिच्याबद्दल बोलताना वाक्य पूर्ण करतो. एवढंच मला माहीत आहे.

पण आईशी माझं वाजलं. फोनवर म्हणाली, "आता तिकडची पत्रं बंद कर. नवी माणसं घरात येतायत, त्यांना काय वाटेल? वहिनी म्हणायचं ते आता हिला."

मी म्हटलं, "आई, वहिनी म्हणजे काय खुर्ची आहे का? एक उठली की दुसरी बसायला?"

"ती तुझी कोण आता?"

"तूच सांग. माझी फी भरायला बाबांनी नकार दिला तेव्हा ती कोण होती?"

आई म्हणाली, "खिडकी उघडी राहिलीय," आणि फोन ठेवला.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं. बाबा म्हणाले होते, आकाशात बघून पोट भरत नाही. तू त्यांच्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "मग तिच्या पोटाचं मी बघेन." मी दाराआड होते.

उरलेलं निरीक्षण काल पूर्ण झालं. माहिती उद्या-परवा हातात येईल. जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
भिंगरी


२९ सप्टेंबर

वहिनी,

ठिपका सरकला नाही.

चारदा जुळवून बघितलं. बाईंनी वेगळ्या पद्धतीनं केलं, तेच आलं. तो तिथल्या तिथे आहे. त्याच्या किरणांचे रंग वेगळे काढून बघितले तर तेही गाभ्यासारखे नाहीत. तो माझ्या ताऱ्याचा नाहीच. फार फार मागे असलेल्या कुठल्यातरी दीर्घिकेचं मधलं तेज आहे ते. आपल्या इथून एका रेषेत दिसतं, इतकंच.

सहा वर्षं गेली. परिषदेत मी त्याच्यावर बोलले होते, टाळ्या पडल्या होत्या. एका मोठ्या माणसानं त्याला माझं टोपणनाव दिलं होतं. आता सगळ्यांना कळवायचं.

भूक लागत नाही. तू काळजी करू नकोस. नुसतं सांगितलं.

भि.


१७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचलीस का? छतावर शिकाऊ अशी पाटी लावलेली गाडी घेऊन एवढा लांबचा पल्ला गाठणारी बाई मी दुसरी बघितली नाही. खालच्या मजल्यावरचा मुलगा अजून विचारतो, त्या बाई पास झाल्या का.

दार उघडल्यावर तू काय म्हणशील असं मला वाटलं होतं कोण जाणे. तू म्हणालीस, "आधी अंघोळ कर." मग मी बाहेर येईपर्यंत ओटा घासून झाला होता, आणि तू माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच टेबलावरचं चित्र उलटं धरून बघत होतीस.

"हा तो?"

"हाच."

"मग हा आहे कुणाचा?"

"दुसऱ्याच कुणाचा. लांबचा."

"म्हणजे सहा वर्षं तू दुसऱ्याच्या पोराला शाळेत पोचवत होतीस."

मला आधी राग आला आणि मग हसू फुटलं, आणि हसता हसता जे रडू आलं ते थांबेना. तू पाठीवर हात ठेवून बसलीस. काही समजावलं नाहीस, त्याबद्दल आभार. सगळे समजावत होते. नकारात्मक निष्कर्षही निष्कर्ष असतो, वगैरे. असतो. पण ते ऐकायची वेळ असते.

दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून चहा पिताना मी तुला शेवटी विचारलं, तुमचं नक्की काय झालं. तू म्हणालीस, "भांडण असतं तर मिटवलं असतं ग. आमच्यात भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. तो दुकानातून यायचा, मी शिकवणी संपवून यायचे, आणि टीव्ही आमच्या दोघांच्या वतीनं बोलायचा." आणि मग म्हणालीस, "मी जे घर सोडलं ना, त्यात सगळ्यात जड तूच होतीस. म्हणून तुला उचललंच नाही." हे तू कपात बघत बोललीस. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं.

तू गेलीस त्या दिवशी मी कामावर गेले. बाई म्हणाल्या (तुझी चौकशी केली, शिकायचं अजून मनात आहे), "मधलं हललं नाही. बरं. मग कडेचं बघ. दोन्ही चित्रं इतकी नीट जुळवलीयस, ती काय फक्त एका ठिपक्यासाठी?" त्या सहज म्हणाल्या आणि निघून गेल्या.

कडा म्हणजे फुग्याचा काठ. स्फोटाची लाट अजून बाहेर पसरतेय, तिथला वायू तापून चमकतो. बारीक तंतूसारखी रेघ आहे. मी जुनं चित्र नव्यातून वजा केलं. बाहेरच्या बाजूला पांढरी रेघ, तिच्या आत तिला लागून काळी. म्हणजे जिथे होती तिथे आता नाही, आणि जिथे नव्हती तिथे आहे. वहिनी, आख्खा काठ सरकलाय. वरच्या बाजूला जास्त, खाली जरा कमी, तिथे लाटेच्या समोर वायूचे दाट ढग असणार.

आणि सरकण्याचा वेग कळला की मागे जाता येतं. हा तारा फुटून दहा हजार वर्षं झाली असं सगळीकडे छापलंय, मीही तेच लिहीत आले. माझं गणित म्हणतं, फार तर चार हजार. म्हणजे ज्यांनी तो उजेड बघितला असेल ते लोक शेती करत होते, घरं बांधत होते, एकमेकांशी भांडत होते. कुणीतरी दुसऱ्या कुणाचा दंड धरून म्हणालं असेल, ते बघ.

बाईंनी दोनदा तपासलं. म्हणाल्या, "लिही." त्यांच्या तोंडून हा एक शब्द ऐकायला लोक वर्षानुवर्षं थांबतात.

लेखात आधी ठिपक्याचं लिहिलंय, स्पष्ट, की माझा समज चुकीचा होता. मग काठाचं.

तुझी,
भिंगरी

ता.क. तुझा कंगवा इथे राहिलाय. परत पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.


९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र घरून, आईच्या जेवणाच्या टेबलावरून लिहितेय. काल दादाचं लग्न झालं. कचेरीत सह्या, तीन साक्षीदार, मग घरी दहा-बारा माणसांचं जेवण. दादाची सही नेहमीपेक्षा सरळ आली. तू विचारशील म्हणून सांगते, तो बरा दिसत होता. तू शेवटच्या कार्डात त्याच्यासाठी लिहिलेला निरोप त्याला एकट्याला गाठून सांगितला. त्यानं मान हलवली आणि चष्मा काढून पुसला. चष्माही नवा आहे, ते ओघानं आलंच.

मी तिच्याशी कशी वागू, याची मला आठवडाभर धास्ती होती. तिला तो शब्द म्हटला असता तर तोंडात खडा आल्यासारखं झालं असतं, नसता म्हटला तर आईनं चारचौघांत वाभाडे काढले असते. जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होते, ती पुसायला फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. मी म्हटलं, "राहू द्या, तुम्ही आजच..." आणि तिथेच अडले. काय म्हणावं कळेना.

ती म्हणाली, "मला नावानं हाक मारा. खरंच."

मी म्हटलं, "आईला चालणार नाही."

"त्यांना मी सांगते." एक ताटली पुसून झाली, मग म्हणाली, "ह्यांनी मला सांगितलंय सगळं. तो शब्द वापरात आहे. माणूस जिवंत असताना त्याचा शब्द कसा काढून घ्यायचा? मला दुसरा काहीही चालेल."

वहिनी, मला ती आवडली. तुला हे लिहिताना वाईट वाटत नाहीये, म्हणजे तुलाही वाचताना वाटणार नाही असं मी धरून चालतेय. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, फाटकाचं सांगितलं. ती इतकी हसली की ताटली टेकवून ठेवावी लागली. तिनं माझ्या ताऱ्याचं विचारलं. क्ष-किरण म्हणजे माझ्या शेजारचीच खिडकी, म्हणाली, आम्ही उजेडात काम करतो आणि तुम्ही त्याच्या पलीकडे.

लेख स्वीकारलाय. परवा कळलं. आभारात मी बाईंचं नाव घातलंय आणि तुझं. नातं काय लिहायचं, असं संपादकांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

आत्ता आई आली. खांद्यावरून वाकून बघत होती, मी कागद झाकला. आमचं बोलणं जसंच्या तसं देते.

"कुणाला लिहितेस?"

"वहिनीला."

"कुठल्या?"

"एकच आहे. दुसरीनं राजीनामा दिलाय."

आईनं टेबलावरचं फडकं उचललं. मला वाटलं, आता खिडक्या. पण ती पुसायला गेली नाही. फडक्याची घडी केली, मोडली, परत केली. मग म्हणाली, "खाली जागा ठेव."

ठेवतेय. पुढचं अक्षर तिचं आहे. मी वाचणार नाही, असं कबूल करून घेतलंय तिनं.

तुझी,
भिंगरी


सौ. लिहिणार होते, हात थांबला. चि. लिहिते, ते कधीच चुकत नाही.

चि. सूनबाई,

तू निघालीस त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले नाही. दाराला आतून कडी नव्हती. तू ढकलशील असं मला वाटलं. तुझी बॅग पायरीवर वाजली तोपर्यंत मी पलंगावरच बसून होते. तुला वाटलं असेल मी उघडेन.

माझं लिहिणं थोडं आहे, जास्त येत नाही. एकदा ये. कोण काय म्हणेल ते माझ्यावर सोड. फक्त निघताना कळव, म्हणजे मी खाली रस्त्यावर येऊन उभी राहते.

आई